ज्या पुस्तकाशी हिशेब राहिला आहे

लिहिणारा माणूस अडला की त्याला हमखास एक सल्ला मिळतो: नवे काही सुचत नसेल तर आवडते जुने पुस्तक काढ आणि पुन्हा वाच. कविता आटलेल्या कवीला, कादंबरी अर्ध्यावर टाकलेल्या लेखकाला, चाल सुचेनाशी झालेल्या शाहिराला, इतकेच काय, वर्षानुवर्षे तोच धडा शिकवून थकलेल्या मास्तरांनाही हाच उपाय सांगितला जातो. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. कोणते पुस्तक उघडायचे आणि कशासाठी उघडायचे, हे त्यात नाही. ज्या पुस्तकाने कधीकाळी सुख दिले ते पुन्हा वाचले की सुख मिळते. लिहिण्याची ऊर्मी मिळेलच असे नाही. ऊर्मी मिळते ती ज्या पुस्तकावर जीव आहे आणि तरीही ज्याच्याशी आपला काही हिशेब राहिला आहे, अशा पुस्तकातून. जीव नसेल तर आपण त्याच्याकडे परत जाणार नाही, आणि हिशेब उरला नसेल तर परत जाऊन हाती काही लागणार नाही. मराठी वाङ्मयाचा, त्यातही मराठवाड्याचा, इतिहास हेच सांगतो असे माझे म्हणणे आहे.

तेच पुस्तक पुन्हा वाचणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले इस्लापूर घ्या. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा इथून जवळ, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, एका अंगाला तेलंगणाची हद्द. पुस्तकांच्या पेठा इथून लांब. पण या सगळ्या मुलखात अखंड हरिनाम सप्ताह बसतात आणि ज्ञानेश्वरीचे पारायण होते. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. मांडवात वाचक ओळीने बसतात, पुढ्यात पोथी असते, व्यासपीठचालक ओवी उचलतो आणि सारे त्याच्यामागून एका सुरात जातात. अठरा अध्याय आणि नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत बसवायच्या, म्हणजे रोज किती मजल मारायची ते आधीच ठरलेले असते. एखाद्या ओवीपाशी अडून बसायला त्यात जागा नसते. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होते. 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतच शिकवत होते. त्या काळात मराठवाड्याच्या घराघरांत मराठी वाचती राहिली त्यात या पोथ्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि पारायणाला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्याचे प्रयोजन वेगळे आहे. ते श्रद्धेचे आणि समूहाचे वाचन आहे. वाचणारा पोथीला प्रश्न विचारायला बसलेला नसतो. आपल्याच परंपरेने श्रवणाच्या पुढे मनन वेगळे मानले आहे. लिहिणाऱ्याला गरज असते ती त्या दुसऱ्या पायरीची.

ही पायरी कशी असते ते पाहायला लांब जायला नको. याच जिल्ह्यात, उमरी तालुक्यात, गोरटे हे गाव आहे आणि दासगणू महाराजांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. पोलीस खात्यातली नोकरी आणि लावण्या रचण्याचा नाद इथून सुरुवात करून ते संतचरित्रकार झाले. 1939 मध्ये त्यांनी लिहिलेला ‘गजानन विजय’ हा 21 अध्यायांचा ग्रंथ आज मराठवाड्यात आणि विदर्भात सर्वाधिक पुन्हा पुन्हा वाचल्या जाणाऱ्या पोथ्यांपैकी आहे. लोकांना पुन्हा वाचायला पोथी देणारा हा माणूस स्वतः एका फार छोट्या, फार जुन्या ग्रंथापाशी अडला होता. ईशावास्य उपनिषद मराठीत आणायचे त्यांनी मनावर घेतले होते, पण त्याग आणि भोग यांचा जो मेळ तिथे सांगितला आहे तो त्यांना उलगडेना. विद्वानांना विचारले, समाधान झाले नाही. पुढची कथा साईसच्चरितात येते. साईबाबांनी त्यांना सांगितले की काका दीक्षितांच्या पार्ल्याच्या घरची मोलकरीण तुमची शंका फेडील. दासगणू तिथे गेले. फाटके नेसलेली एक गरीब मुलगी कुणाच्या तरी सुंदर साडीचे वर्णन करणारे गाणे आनंदाने गात भांडी घासत होती. तिला नवी साडी मिळाली, ती नेसून ती एक दिवस हरखून बागडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच फाटके नेसून तितक्याच आनंदात कामाला आली. दासगणूंना अर्थ लागला आणि टीकेतली अडचण दूर झाली.

या कथेतला चमत्काराचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. ती मुलगी त्या घरात सगळ्यांना दिसत होती. तिच्यात अर्थ दिसला तो एकालाच, कारण तो मंत्र त्याच्या डोक्यात कित्येक दिवस अर्धवट उघडा पडलेला होता. पुस्तक पुन्हा वाचण्याने प्रेरणा मिळते ती बहुधा अशी, पानातून थेट नव्हे. न सुटलेले वाक्य घेऊन माणूस जगात वावरू लागतो आणि रोजच्या दिसण्यातल्या गोष्टी त्या वाक्याला येऊन भिडतात. ज्याचे सगळे सुटले आहे असे पुस्तक वाचून मिटले की जग जसे होते तसेच राहते. म्हणून अडलेल्या लेखकाने आवडत्या पुस्तकातला सर्वात सुंदर भाग शोधू नये. ज्या भागापाशी पूर्वी आपण न कळून पुढे गेलो होतो, तो शोधावा.

याचा सर्वात खणखणीत पुरावा लोकमान्य टिळकांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. गीतारहस्याच्या प्रस्तावनेत ते सांगतात की 1872 मध्ये वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरची एक प्राकृत टीका वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि गीतेशी पहिला परिचय तेव्हा झाला. वय सोळा. तिथेच शंका सुरू झाली: युद्धाला नको म्हणणाऱ्या अर्जुनाला लढायला उभे करण्यासाठी जो ग्रंथ सांगितला गेला, त्याचे तात्पर्य संन्यास किंवा केवळ भक्ती कसे असेल? निरनिराळ्या टीका वाचून ही शंका फिटेना. शेवटी त्यांनी सगळ्या टीका बाजूला ठेवल्या आणि मूळ गीताच स्वतंत्रपणे अनेकदा वाचून काढली. मंडालेच्या तुरुंगात 1910–11 च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, पेन्सिलीने त्यांनी हा प्रचंड ग्रंथ लिहिला. छापून आला तो 1915 मध्ये. लिहायला लागलेला वेळ काही महिन्यांचा, पण त्यामागचे वाचन अडतीस वर्षांचे. तुरुंगातल्या एकाकीपणाने, प्रकृतीच्या तक्रारींनी आणि सक्तीच्या निष्क्रियतेने कुणाचेही मन खचावे, अशा जागी हा माणूस इतक्या झपाट्याने लिहितो, याचे कारण नुसते धैर्य नव्हे. सोळाव्या वर्षी पडलेला प्रश्न त्यांनी सोडला नव्हता आणि पुस्तकही सोडले नव्हते.

आता कुणी म्हणेल, गीता, उपनिषदे, ज्ञानेश्वरी हे धर्मग्रंथ. ते पुन्हा वाचलेच जातात, त्यावरून ललित लेखकाने काय शिकायचे? आक्षेप रास्त आहे. पण धर्मग्रंथाशीही नाते दोन प्रकारचे असू शकते हे पैठणच्या एकनाथांनी दाखवले. शके 1212 मध्ये सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी तीनशे वर्षांत हातोहात नकलून घेतली जात होती आणि नकला करणाऱ्यांनी पदरच्या ओव्या त्यात घातल्या होत्या, शब्द बदलले होते. शके 1506 म्हणजे 1584 मध्ये नाथांनी प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. ज्याच्या नावावर तोवर एकनाथी भागवतासारखा ग्रंथ होता, असा मोठा कवी दुसऱ्याच्या ग्रंथातला एकेक शब्द तपासत बसतो, आणि तिथे आपली एकही ओवी घालणार नाही, कुणी घालूही नये, असे बजावतो. पुन्हा वाचण्याचे याहून कडक रूप मला माहीत नाही. इथे भक्ती पूर्ण आहे आणि डोळस तपासणीही पूर्ण आहे. या कामानंतर नाथ आटले नाहीत. भावार्थ रामायण हे त्यांचे अखेरचे मोठे काम, युद्धकांडात अपुरे राहिलेले. ज्ञानेश्वरीच्या संशोधनामुळेच रामायण झाले असा दावा मी करणार नाही, तसे सिद्ध करता येत नाही. पण इतरांच्या ओळीत इतके खोल शिरल्याने स्वतःची ओळ मरते हे मात्र यावरून खोटे ठरते. अंबाजोगाईचे दासोपंत हे नाथांचे समकालीन. गीतेवर एक टीका लिहून त्यांचे भागले नाही; सव्वा लाख ओव्यांचा मानला जाणारा गीतार्णव त्यांचा, आणि गीतेवरच त्यांनी इतरही लेखन केले. कागद पुरेना म्हणून की काय, पंचीकरणाचा विषय त्यांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. एकाच ग्रंथाकडे पुन्हा पुन्हा गेलेल्या माणसाच्या हातून एवढे लेखन झाले.

नकलेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाच पुस्तकात बुडालेला लेखक त्याच पुस्तकासारखे लिहू लागतो, असे अनुभवी संपादकही सांगतील. हे घडते, पण कधी? पुस्तकाची भुरळ नवी असते तेव्हा. पहिल्या-दुसऱ्या वाचनात शैली अंगावर येते आणि तीच हातात उतरते. चौथ्या-पाचव्या वाचनात शैलीचे अप्रूप ओसरते आणि बांधणी दिसू लागते: लेखकाने इथे घाई का केली, हे पात्र मध्येच का सोडून दिले, या प्रसंगावर तो गप्प का राहिला. तिथून वाचणाऱ्याचे स्वतःचे काम सुरू होते. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ 1962 चे, इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ 1967 चे. दोघींसमोर महाभारत एकच, काळ एकच, भाषा एकच. तरी एकीचे लेखन पात्रांच्या अंतरंगाशी काव्यात्म जवळीक साधते, दुसरीची नजर मानववंशशास्त्रज्ञाची, नातेसंबंध आणि कुळाचे हिशेब मांडणारी. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही, व्यासांचीही नाही. विंदा करंदीकरांनी अमृतानुभवाचे अर्वाचीनीकरण केले ते 1981 मध्ये, आयुष्यभर आधुनिक कविता लिहून झाल्यावर. दिलीप चित्र्यांच्या पुस्तकाचे तर नावच ‘पुन्हा तुकाराम’.

याच महाभारतावर नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनीही लिहिले. ‘व्यासांचे शिल्प’ या नावाने ते लेखन एकत्र झाले आहे. कुरुंदकर 1932 ते 1982 असे जेमतेम पन्नास वर्षे जगले, त्यातला बराच काळ नांदेडमध्ये, आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात शिकवत. त्यांचे वाचन अफाट होते असे नेहमी सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण अफाट वाचणारे पुष्कळ असतात. कुरुंदकरांचे वेगळेपण मला दिसते ते त्यांच्या परत जाण्यात. भरताचे नाट्यशास्त्र, महाभारत, मनुस्मृती, शिवचरित्र यांच्याकडे ते प्रत्येक वेळी नवा प्रश्न घेऊन गेले. मनुस्मृती तर त्यांना पूर्णपणे अमान्य होती, तरी तिच्यावर व्याख्याने देताना त्यांनी ती आवडत्या ग्रंथाइतक्याच काळजीने वाचली. रणजित देसाईंना त्यांनी शिवाजी महाराजांविषयी लिहिलेले दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडले गेले आणि पुष्कळांच्या मते ते कादंबरीइतकेच महत्त्वाचे आहे. शिवचरित्राशी अनेक वर्षे चाललेला एका वाचकाचा संवाद त्या पत्रात आहे. मुंबई-पुण्यापासून लांब बसून हे झाले, याचे नवल करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की परत वाचायला राजधानीत राहावे लागत नाही.

इथे सर्वात अवघड आक्षेप येतो, आणि तो माझ्या मते टाळता येणार नाही. पुस्तके कमी असणे हेच जणू भाग्य, असे हे गौरवणे नाही ना? इस्लापूरच्या मुलाला नवे पुस्तक मिळत नाही म्हणून त्याने जुने दहादा वाचावे, असे सांगणे क्रूरपणाचे होईल. गावातल्या वाचनालयाला पुस्तके हवीत, नियमित अनुदान हवे, वेळेवर उघडणारे दार हवे. पुनर्वाचनाचे गुण गाऊन त्यातून कुणाची सुटका नाही. शिवाय परत जायचे तर आधी निवडायला पाहिजे, आणि निवड पुष्कळांतूनच होते. पन्नास पुस्तके वाचलेल्या मुलालाच आपले एक पुस्तक सापडते. याच आक्षेपाचे दुसरे टोक आणखी बोचरे आहे. किनवटच्या डोंगरपट्ट्यात गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू बोलणारी घरे आहेत. त्या घरातल्या लिहू पाहणाऱ्या मुलीने कोणत्या आवडत्या पुस्तकाकडे परत जावे? मराठीच्या अभिजात यादीत तिचे जग जवळपास नाहीच.

माझे उत्तर असे की अशा वाचकाचा हिशेब सर्वात मोठा असतो, म्हणून पुन्हा वाचण्यातून मिळणारे बळही त्याला सर्वात जास्त मिळू शकते. आवडलेल्या पुस्तकात आपण नाही, हे पहिल्या वाचनात बोचते. तिसऱ्या वाचनात नेमके कुठे नाही, हे दाखवता येते. आणि मराठवाड्याने असे नाही म्हणत लिहिलेले साहित्य दिले आहे. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ 1987 चे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे त्याआधीचे, उदगीरच्या मुलखातले. ही पुस्तके एकदा वाचून हळहळून ठेवून देण्याची नव्हेत. ‘उचल्या’ दुसऱ्यांदा वाचताना भूक आणि पोलिसांचा मार या धक्क्यांपलीकडे जाऊन पाहावे की लेखकाने कोणत्या शब्दांत लिहिले, घरातली बोली कुठे ठेवली, आणि काय सांगायचे टाळले. ज्या मुलीच्या तांड्यावर किंवा पोडावर अजून असे पुस्तक झाले नाही, तिला त्या टाळलेल्या जागांतच आपल्या पुस्तकाची सुरुवात सापडेल. आजीने गायलेली गाणी हाही पुन्हा वाचण्याचाच ग्रंथ आहे, मग तो छापलेला असो वा नसो.

राहता राहिली निराशा. शाळेत असताना ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’ने भारून गेलेला वाचक चाळिशीत ते उघडतो आणि भाषा त्याला अवजड वाटते, भावना उसन्या वाटतात. म्हणून अनेक जण आवडत्या पुस्तकाकडे परत जायला घाबरतात. आठवण मोडेल ही भीती. लिहिणाऱ्याने ही भीती बाळगू नये. आवडते पुस्तक आता पटत नसेल तर आपली आवड नेमकी कुठे सरकली हे त्याच पानावर कळते, आणि तसे लिहायचे नसेल तर कसे लिहायचे, हा प्रश्न समोर येतो. दमल्यावर पुलंचे एखादे पुस्तक कुठूनही उघडून हसणे ही चांगलीच गोष्ट आहे, तिच्याविरुद्ध कुणाचे काही म्हणणे असू नये. ती विश्रांती आहे. फक्त विश्रांती घेतल्यावर हातून काही उतरले नाही तर पुस्तकाला किंवा स्वतःला दोष देऊ नये.

आपल्या वाचनसंस्कृतीच्या उपक्रमांत मात्र या सगळ्याला जागा नाही. 2015 पासून महाराष्ट्रात 15 ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. हेतू उत्तम. पण नावात प्रेरणा असूनही कौतुक बहुधा संख्येचे होते: कुणी किती पुस्तके वाचली. 1967 च्या कायद्याखाली चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनाही अ, ब, क, ड या वर्गांत बसताना ग्रंथसंख्या दाखवावी लागते. संख्या हवीच. तिच्या जोडीला एक साधा बदल नांदेड-लातूरच्या शाळांनी आणि वाचनालयांनी करून पाहावा. त्या दिवशी मुलांनी मागच्या वर्षी वाचलेले, आवडलेले पुस्तक पुन्हा आणावे आणि एक पान लिहावे: तेव्हा काय वाटले होते, आता काय पटत नाही, आणि लेखकाने सांगायचे राहिलेले काय आहे. गुण द्यायचे झाले तर तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला द्यावेत. आणि ग्रंथपालांनी देवघेवीच्या नोंदवहीवर लक्ष ठेवावे. एकाच पुस्तकापुढे एकाच वाचकाचे नाव दुसऱ्यांदा लागले, तर पुस्तकाबरोबर त्याला एक कोरी वहीही द्यावी.